दीपमाळची वेलांटी

“बाई, तुमचं वजन किती?” शर्वरीनं वरून विचारलं.

लोखंडी शिडीच्या सातव्या पायरीवर लटकलेल्या बावन्न वर्षांच्या बाईला विचारायचा हा प्रश्न नव्हे. मी तसं बोलूनही दाखवलं.

“तसं नाही हो. आठव्या पायरीचं एक टोक सुटलंय.”

“मग आठवी सोडते आणि नववीवर पाय देते. वजन राहू दे गुलदस्त्यात.”

ती हसली आणि तिनं हात खाली दिला. मी नववीवर पाय टाकला. गुडघ्यानं कुरकुर केली, खांद्यावरच्या पिशवीत पाना आणि रॉकेलची बाटली एकमेकांवर आपटली, आणि सोलापूरच्या दीपमाळ टॉकीजच्या छतावर मी डोकं बाहेर काढलं.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, एका रविवारची, दुपारी चारची. टॉकीज बंद पडून चार वर्षं झाली होती आणि मंगळवारपासून ती पाडायला घेणार होते. अकराशे खुर्च्यांचं थिएटर होतं ते. एके काळी आमच्या शहरातलं निम्मं लग्नाळू गाव एकमेकांना तिथंच बघायचं.

शर्वरी आमच्या वर्तमानपत्रात पानं लावायची. सुट्टीच्या दिवशी तिच्या वयाच्या मुली साड्या बघत फिरतात, ही छतं बघत फिरायची. बंद गिरण्या, पाण्याच्या टाक्या, ओस गोदामं, जिथं वर जायला वाट असेल तिथं ही जाणार आणि फोटो काढून आणणार. टॉकीजच्या चौकीदाराला, शिवप्पाला, तिनं आधीच पटवून ठेवलं होतं. त्यानं एका तासाच्या बोलीवर किल्ली दिली आणि “पडलाव तर मी तुम्हाला वळखत नाही,” एवढं बजावलं.

मी त्याच वर्तमानपत्रात मुद्रितशोधक. तीस वर्षं लोकांचे ऱ्हस्व दीर्घ करत आणि दीर्घ ऱ्हस्व करत आले होते. ऑफिसात माझ्या माघारी मला वेलांटीबाई म्हणायचे. ते मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. पण मी वेलांट्यांच्या मागे एवढी हात धुऊन का लागले, ते तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. त्याचं कारण या छताच्या पुढच्या कठड्यावर चव्वेचाळीस वर्षं उभं होतं.

टॉकीजच्या माथ्यावर पुरुषभर उंचीची लाल पत्र्याची चार अक्षरं होती. रस्त्यावरून वाचलं की ‘दिपमाळ’. दीप शब्दाला पहिली वेलांटी. आणि ती अक्षरं माझ्या वडिलांनी केलेली होती.

आबांचं, म्हणजे सिद्राम कोरे यांचं, पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. पेट्या, पन्हळी, धान्याच्या कोठ्या. अक्षरांचं काम त्यांना त्यांच्या जिवलग मित्रानं, नरसय्या पेंटरनं मिळवून दिलं. नरसय्यानं खाकी कागदावर अक्षरं रेखली, आबांनी पत्रा कापला. वेलांटी तेवढी वेगळी केली, कारण तिच्यासकट द हे अक्षर छताच्या झडपेतून वर निघेना. ती वर नेऊन मागाहून बोल्टनं बसवायची होती. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मालकांनी अक्षरांपुढं मोठं कापड बांधून घेतलं, पाहुण्यांच्या हस्ते पाडायला. संध्याकाळी नरसय्या रस्त्यातून ओरडला, “सिद्राम, वेलांटी उजवीकडं!” आणि पोस्टर रंगवायला निघून गेला. आबा एकटे वर गेले आणि त्यांनी वेलांटी बसवली.

दुसऱ्या दिवशी कापड पडलं. पाहुणे निवृत्त हेडमास्तर होते. ते मान वर करून मोठ्यानं म्हणाले, “अहो, दीप ऱ्हस्व केलात की!” सगळा रस्ता हसला. आठ वर्षांची मी आबांचं बोट धरून उभी होते, त्यामुळे ते हसणं मला अजून ऐकू येतं.

“मी उजवीकडंच लावली होती,” आबा म्हणाले.

त्यावर नरसय्या सगळ्यांदेखत बोलून गेला, “तुला डावं-उजवं कळत नाही, सिद्राम.”

तेवढ्यावर मैत्री संपली. आबांनी मनाशी हिशेब केला: मी उजवीकडे लावली, सकाळी ती डावीकडे होती, म्हणजे कुणीतरी फिरवली. कापडाच्या दोऱ्या बघायला सकाळी वर कोण गेलं होतं? नरसय्या. का फिरवली असेल, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, पण राग मात्र भरपूर होता.

वेलांटी नंतर दुरुस्त करता आली असती. पण पहिलाच पिक्चर पंचवीस आठवडे चालला आणि मालकांनी जाहीर करून टाकलं, “हीच वेलांटी लाभली. हात लावायचा नाही.” मग काय, शाळेत मी ‘पहिल्या वेलांटीची पोरगी’ झाले. आबा आणि नरसय्या तीन गल्ल्यांच्या अंतरावर राहून चव्वेचाळीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. एकमेकांच्या घरच्या लग्नांना गेले नाहीत. नरसय्याची बायको गेली तेव्हा आबा दारापर्यंत जाऊन परत आले.

आणि मीही कमी नव्हते. अकरावीत असताना एकदा जेवताना म्हणाले, “आबा, चूक झाली म्हणा की एकदा. मोकळे व्हाल.” त्यांनी घास ताटात ठेवला, “तू पण?” म्हणाले, आणि पंधरा दिवस माझ्याशी अवाक्षर बोलले नाहीत.

टॉकीज पाडणार ही बातमी मीच त्यांना वाचून दाखवली. तेव्हा ते एकोणऐंशी वर्षांचे होते.

“वच्छे, तुझी ती छतावर चढणारी पोरगी हाय नव्हं?” ते म्हणाले. “तिला घिऊन वर जा. नट आवळला की मी त्यावर तांबड्या रंगाचा एक फटका मारतो, तुला माहीत हाय. नंतर कुणी पाना लावला तर तो रंग तुटतो. बघून ये. मला कळू दे एकदा.”

माझा विचार निराळा होता. पुरावा मिळो न मिळो, पाडण्याआधी ती वेलांटी उजवीकडे नेऊन लावायची. निदान एक दिवस तरी आबांना ती बरोबर बघू द्यायची. म्हणून पिशवीत पाना, रॉकेल आणि तारेचं वेटोळं.

वर आलो तिथून पुढचा कठडा तीस फुटांवर होता. मधे उतरतं पत्र्याचं छप्पर, आणि खाली, थेट खाली, बाल्कनीच्या खुर्च्या.

“एक नियम,” शर्वरी म्हणाली. “जिथं बोल्ट दिसतो...”

“तिथंच पाय. खाली तुळई असते. पत्रेवाल्याच्या मुलीला शिकवतेस?”

“मग तुम्ही पुढं व्हा.”

मी साडीचा पदर कमरेला खोचला आणि पुढे झाले. बोल्टामागून बोल्ट. पत्रा ऊन खाऊन तापला होता आणि पायाखाली बारीक कुरकुरत होता. एका कोपऱ्यात रिळांचे गोल डबे गंजत पडले होते, त्यांत कबुतरांनी संसार थाटला होता. ‘हाउसफुल्ल’ची पाटी पालथी पडली होती. पलीकडे गिरण्यांची धुरांडी, सिद्धेश्वराचं तळं, आणि तळ्याच्या पाण्यावर पडलेलं ऊन. बावन्न वर्षं या शहरात काढली, पण ते असं एका नजरेत मी कधी पाहिलं नव्हतं. मला एकदम हलकं वाटलं. भीती वाटायला हवी होती, पण ती कुठं गेली कोण जाणे.

“बाई, तुम्हाला मजा यायलीय,” शर्वरी आरोप केल्यासारखी म्हणाली.

“येतेय. कुणाला सांगू नकोस.”

अक्षरं जवळून प्रचंड होती. आम्ही त्यांच्या पाठीमागच्या अरुंद गच्चीत उतरलो. पाठ नुसता गंजका पत्रा, लोखंडी अँगलच्या चौकटीला टेकलेला. चौकटीला टोकापर्यंत वीत-वीतभर अंतरावर भोकं होती. द आणि प यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा होती. रस्त्यावरून ती पडलेल्या दातासारखी दिसायची आणि त्यावरूनही लोक आबांना हसायचे.

मी गुडघ्यावर बसले आणि वेलांटीच्या बुडाचा बोल्ट शोधला. पदरानं धूळ पुसली. खाली तांबडा रंग होता. नटावरून बोल्टावर आणि बोल्टावरून अँगलवर गेलेला, आबांच्या हातचा एक सलग फटका. कुठेही चीर नाही. दुसरा बोल्ट पाहिला, तोही तसाच.

म्हणजे कुणीच फिरवली नव्हती.

फोन वाजला. रस्त्यापलीकडे चहाच्या गाडीजवळ आबांना खुर्चीत बसवून आलो होतो.

“सापडला का नट?” ते एवढ्यानं ओरडले की फोन नसता तरी चाललं असतं.

“सापडला.”

“रंग तुटलाय की नाही?”

खोटं बोलता आलं असतं. ‘तुटलाय’ म्हटलं असतं तर म्हातारा सुखानं घरी गेला असता. पण तिकडे तीन गल्ल्या पलीकडे आणखी एक म्हातारा होता.

“नाही, आबा. रंग जसाच्या तसा आहे. तुमच्यानंतर याला कुणाचा हात लागलेला नाही.”



“मग मीच,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की तो त्यांचा वाटेना. अकरावीपासून ज्या कबुलीची मी वाट पाहत होते ती आता आली होती, आणि मला ती मुळीच नको होती.

“आबा, जाऊ दे आता. मी ती काढून उजवीकडे लावते. बघा तुम्ही.”

“थांब,” ते म्हणाले. “वच्छे, मी उजवीकडंच लावली होती गं. हा उजवा हात असा वर धरून लावली. मला आठवायलंय. कुठं हाय ती आता?”

“रोज खालून बघताय की. डावीकडे...” असं म्हणत मी मान वर केली.

वेलांटी माझ्या उजव्या हाताला होती.

मी उठून उभी राहिले. डोळे मिटले, उघडले. मग कठड्यापासून दोन पावलं मागे सरून चारही अक्षरं एकत्र पाहिली. पाठीमागून ती उलटी दिसत होती, आरशातल्यासारखी. डावीकडून ळ, मग मा, मग प, आणि शेवटी द. आणि त्या द च्या उजवीकडे ताठ उभी असलेली, माथ्यावरून आत वळलेली ती. दुसरी वेलांटी. हातात लाल पेन असतं तर मी तिला बरोबरची खूण केली असती.

“काय झालं?” शर्वरीनं विचारलं.

“ही बरोबर आहे.”

“कोण?”

“वेलांटी. इथून बरोबर आहे.”

ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, तिनं मान तिरकी केली आणि म्हणाली, “अय्या!”

“आबा,” मी फोनमध्ये म्हणाले, “तुम्ही ही कुठं उभं राहून लावलीत?”

“कुठं म्हंजी? आतनं. गच्चीत. म्होरं कापड बांधलेलं होतं की.”

“आणि उजवीकडं, असं नरसय्याकाका कुठून म्हणाले?”

“खालनं. रस्त्यातनं.”

“कुणाच्या उजवीकडं, आबा?”

मी कठड्यावरून वाकून पाहिलं. आबा खुर्चीतून उठले होते. त्यांनी आधी उजवा हात वर केला, माझ्याकडे तोंड करून. मग ते सावकाश टॉकीजकडे पाठ करून वळले आणि त्यांनी पुन्हा उजवा हात वर केला. चहावाला किटली हातात धरून त्यांच्याकडे बघत होता.

“आयला,” फोनमध्ये आवाज आला.

मग ते पुन्हा टॉकीजकडे वळले.

“म्हंजी नरसानं फिरवली नव्हती.”

“नाही.”

“आणि माझीबी चूक नव्हती.”

“थोडीशी होती,” मी म्हणाले. सवय जात नाही. “पण डावं-उजवं तुम्हाला चांगलं कळत होतं, आबा. तुम्ही खरं बोलत होता. मीच ऐकलं नाही.”

“ते असू दे,” ते घाईनं म्हणाले. माफी मागितलेली त्यांना कधीच सोसायची नाही. “पाना आणलायस नव्हं? मग फिरव आता. मी खालनं सांगतो.”

आबांनी आवळलेले नट ते, सहजी सुटेनात. रॉकेल ओतलं, दहा मिनिटं थांबलो, शर्वरीनं पान्याला अक्षरशः लोंबकळून जोर लावला, तेव्हा पहिला हलला. तांबड्या रंगाचा तो सलग फटका चव्वेचाळीस वर्षांनी तुटला आणि मला उगाच वाईट वाटलं. वेलांटी पोकळ नळीची होती, पण दोघींना पुरून उरेल एवढी. आम्ही ती काढली, गर्रकन फिरवली आणि द आणि प यांच्या मधल्या त्या मोकळ्या जागेत उभी केली. तिथं चौकटीला दोन भोकं होती, नेमकी बोल्टाच्या अंतरावर. नरसय्यानं कागदावर जागा सोडली होती ती हिच्यासाठीच. चुकीला हसणाऱ्या अख्ख्या गावाला ही एवढी गोष्ट कधी सुचली नव्हती. मलाही नाही.

“उजवीकडं घे!” आबा ओरडले. “आणखी उजवीकडं!”

मी उजवीकडे ओढली.

“अगं, तिकडं कुठं? उजवीकडं!”

“उजवीकडेच घेतेय!”

मग फोनमध्ये आबा हसायला लागले. माझ्या आठवणीत मोठ्यानं हसणारे आबा नव्हतेच. हे हसणं त्यांच्याकडे इतकी वर्षं कुठं ठेवलेलं होतं कोण जाणे. शर्वरी हसली, मीही हसले, वेलांटी आमच्या हातात डुगडुगत राहिली आणि खाली चार-सहा माणसं माना वर करून उभी राहिली.

नट आवळले, वरून तार गुंडाळली.

“कशी दिसतेय?” मी विचारलं.

“वच्छे,” आबा म्हणाले, “झकास. एकदम झकास.” मग थोड्या वेळानं, “आता तिकडनं चुकीची दिसायली असंल.”

मी पाठीमागून पाहिलं. खरंच की. आता माझ्या बाजूनं ती पहिली होती. आयुष्यात एक चुकलेली वेलांटी नजरेआड केली नव्हती मी, पण त्या दिवशी ती तशीच बघत, रॉकेलच्या हातांनी, मी किती वेळ तरी समाधानानं बसून राहिले. शर्वरीनं तिथंच माझा एक फोटो काढला. त्यात मी वजनदार दिसते, पण खूश दिसते.

शिवप्पा खालून किल्ली वाजवायला लागला तेव्हा कुठं आम्ही उतरलो.

चहाच्या गाडीजवळची खुर्ची रिकामी होती.

“आजोबा रिक्षात बसून गेले,” चहावाला म्हणाला. “येतो म्हणाले. चहा सांगून गेलेत, दोन.”

“आमच्यासाठी?”

“नाही वो. त्यांच्यासाठी आन् आणखी एकासाठी. आल्यावर टाक म्हणाले.”

मी चहाच्या गाडीच्या सावलीत शर्वरीशेजारी बसले. खरं तर मला कळलं होतं, पण मनाशी म्हणायचा धीर होत नव्हता. दारापर्यंत जाऊन परत येणारा माणूस, आज आत जाईल का? आणि तिकडून दार उघडेल का?

त्या वेलांटीचं पुढं काय झालं तेही इथंच सांगून टाकते. मंगळवारी अक्षरं उतरवली तेव्हा शर्वरीनं मुकादमाला गळ घालून ती माझ्या घरी आणली. आमच्या गॅलरीत ती उभी आहे, तिच्यावर मधुमालती चढवली आहे. घरातून बघितली की पहिली, अंगणातून बघितली की दुसरी. आलेगेले विचारतात, ही काय वस्तू, तेव्हा मी त्यांना आधी अंगणात उभं करते.

पाऊण तासानं रिक्षा आली. आधी आबा उतरले. मग त्यांनी आत हात दिला आणि लुंगी-बनियनवर तसाच उठून आलेला एक उंच, वाळका म्हातारा बाहेर आला. नरसय्या पेंटर. पायात चपला दोन वेगळ्या होत्या. डोळ्यांवर जाड भिंगं होती, आणि तरी तो पावलं चाचपून टाकत होता. आयुष्यभर ज्यानं गावाच्या भिंती रंगवल्या त्या माणसाला आता भिंत दिसत नव्हती.

आबांनी त्याला दंडाला धरून रस्त्याच्या मधोमध आणलं. सायकली, रिक्षा वळसा घालून जात होत्या. आबांनी त्याचे खांदे धरले आणि त्याला टॉकीजकडे तोंड करून नीट उभं केलं, लहान पोराला फोटोसाठी करतात तसं. मग स्वतः त्याच्या शेजारी, त्याच बाजूला तोंड करून उभे राहिले.

नरसय्यानं मान वर केली. डोळे बारीक केले. त्याला आकाश आणि त्यात काहीतरी लाल, एवढंच दिसत असणार.

“कुठं लावली, सिद्राम?” त्यानं विचारलं.

“उजवीकडं,” आबा म्हणाले. आणि मग त्याचा उजवा हात आपल्या हातात घेऊन वर धरत म्हणाले, “तुझ्या उजवीकडं.”